ॲम्प्लिफायरचा गेन नेमका किती ठेवायचा?

रात्री अकरानंतर आमच्या वाडीत दोनच आवाज उरतात, रातकिड्यांचा आणि लांबून समुद्राचा. मे महिन्यातल्या एका रात्री शेजारच्या आबांच्या माजघरात तिसराही आवाज ऐकू आला. पिक्चर थांबवलेला होता, पडद्यावर काहीच हलत नव्हतं आणि दोन्ही स्पीकरमधून सारखी 'स्स्स' अशी फुसफुस चालली होती. आबांच्या मुलाने मुंबईहून रिसीव्हर (सगळ्या यंत्रांचा आवाज घेऊन स्पीकरना वाटून देणारी पेटी), पाच स्पीकर आणि सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, आणला होता. पुढच्या दोन स्पीकरना जोर हवा म्हणून एका मंडपवाल्याकडून जुना पॉवर ॲम्प्लिफायर घेतला होता. आबांची तक्रार अशी, "आवाज वाढवलो काय फाटता, नि कमी केलो तर बोलणाच ऐकाक येणा नाय."

मी ॲम्प्लिफायरकडे पाहिलं. पुढचे दोन्ही गेन नॉब पार उजवीकडे टेकलेले होते. रिसीव्हरचा व्हॉल्यूम मात्र अगदी खाली ठेवावा लागत होता, कारण जरा वर नेला की घर हादरायचं. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. फक्त गेन चुकला होता. ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की ती एकदा नीट उलगडून सांगायला हवी.

आधी गेन आणि व्हॉल्यूम यांतला फरक बघू. सिनेमाचा आवाज एका उडीत स्पीकरपर्यंत जात नाही. तो सेट-टॉप बॉक्स किंवा डिस्क प्लेयरमधून निघतो, रिसीव्हरमध्ये येतो, तिथून पॉवर ॲम्प्लिफायरमध्ये आणि मग स्पीकरमध्ये जातो. प्रत्येक टप्प्यावर तो म्हणजे विजेचा एक छोटा-मोठा दाब असतो, व्होल्टमध्ये मोजता येणारा. एका यंत्रातून बाहेर पडणारा दाब पुढच्या यंत्राला पेलेल आणि पुरेल असा जुळवणं, हे गेनचं काम. तो एकदा बसवायचा आणि सोडून द्यायचा. रोज कमी-जास्त करायचा तो व्हॉल्यूम.

मला हे खाडीत होडी घालण्यासारखं वाटतं. खाली वाळूचा पट्टा, वर पूल. होडी फार खाली बसली तर तळ घासतो, डोलकाठी फार उंच असली तर पुलाला थडकते. आवाजाच्या वाटेत तळाशी असते ती यंत्राची स्वतःची फुसफुस. कुठलंही इलेक्ट्रॉनिक यंत्र चालू झालं की थोडी फुसफुस करतंच. वरचा पूल म्हणजे त्या यंत्राची कमाल व्होल्टची मर्यादा, तिच्यावर आवाज गेला की तो फाटतो. आवाजाच्या वाटेवर असे तीन-चार पूल एकामागून एक आहेत आणि प्रत्येकाखाली वेगळा तळ. गेन लावायचा म्हणजे आवाज प्रत्येक पुलाखालून सुखरूप जाईल आणि कुठेच तळाला टेकणार नाही असं बघायचं. एका टप्प्यावर फाटलेला आवाज पुढे कितीही बारीक केला तरी फाटकाच राहतो. आणि आधीच्या टप्प्यावर मिसळलेली फुसफुस पुढचा ॲम्प्लिफायर इमानदारीने मोठी करून देतो, कारण खरा आवाज कुठला आणि फुसफुस कुठली हे त्याला कळत नाही.

आता एक गैरसमज काढून टाकू, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. गेनचा नॉब अर्ध्यावर ठेवला म्हणजे ॲम्प्लिफायर अर्ध्या ताकदीने चालतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. बऱ्याच पॉवर ॲम्प्लिफायरवर नॉबभोवतीचे आकडे नीट पाहा. उजवीकडे शेवटी 0 असतो आणि डावीकडे वळवत गेलं की उणे 6, उणे 10, उणे 20 असे डेसिबल, म्हणजे आवाज किती चढला-उतरला त्याचं माप, लिहिलेले असतात. म्हणजे हा नॉब काही वाढवत नाही, आत येणाऱ्या आवाजाला चाप लावतो. सुपारीच्या बागेतल्या पाटाला फळी घालून पाणी अडवावं तसा. पूर्ण उजवीकडे म्हणजे फळी काढून टाकली. ॲम्प्लिफायरची वाढवण्याची ताकद आत ठरलेली असते आणि त्याचे वॅटही ठरलेले असतात. नॉब अर्ध्यावर असतानाही मागून पुरेसा मोठा दाब आला तर तोच ॲम्प्लिफायर पूर्ण वॅट काढून देईल, आणि त्याहून जास्त दाब आला तर फाटेलसुद्धा.

मग किती दाब पुरेसा? माहितीपत्रकात इनपुट सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो, तो बघावा. नॉब पूर्ण उघडा असताना किती व्होल्ट आत आले की यंत्र आपली पूर्ण ताकद काढतं, ते हा आकडा सांगतो. घरगुती सिनेमासाठी टीएचएक्स या सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या कंपनीने धरलेलं माप सोपं आहे. 1 व्होल्ट आत आला की 8 ओहमच्या स्पीकरवर (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप) 100 वॅट बाहेर. 8 ओहमवर 100 वॅट म्हणजे 28.3 व्होल्ट, म्हणजे दाब सुमारे 28 पट वाढला. डेसिबलच्या भाषेत याला 29 डेसिबल गेन म्हणतात. मंडपवाल्यांच्या ॲम्प्लिफायरचा गेन अनेकदा याहून जास्त असतो. काहींच्या मागे 0.775 व्होल्ट आणि 1.4 व्होल्ट असं लिहिलेलं छोटं स्विच असतं. ते 0.775 वर असेल तर यंत्र कमी दाबातच पूर्ण ताकदीला पोचतं, म्हणजे जास्त संवेदनशील झालं. घरात ते 1.4 वर ठेवलेलं बरं. नुसत्या त्या स्विचने फुसफुस 5 डेसिबलने उतरते.

डेसिबलला घाबरायचं कारण नाही. तीन-चार गोष्टी लक्षात ठेवल्या की पुरे. पॉवर दुप्पट झाली की 3 डेसिबल वाढतात. व्होल्ट दुप्पट झाले की 6. पॉवर दहापट झाली की 10, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो तोही याच 10 डेसिबलला. म्हणून 50 वॅटचा ॲम्प्लिफायर बदलून 100 वॅटचा आणला तर वाढतात फक्त 3 डेसिबल. पैसे दुप्पट गेले तरी कानाला फरक थोडाच जाणवतो.

आता आबांच्या माजघराचाच हिशेब करू, कारण गेनचं खरं महत्त्व त्यात दिसतं. स्पीकरवर लिहिलं होतं, 1 वॅट दिला की 1 मीटरवर 88 डेसिबल. आबांची आरामखुर्ची 3 मीटरवर. मोकळ्या जागेत तेवढ्या अंतरात सुमारे साडेनऊ डेसिबल गळतात. बंद खोलीत भिंती थोडे परत देतात, पण हिशेबापुरते साडेनऊच धरू. म्हणजे खुर्चीवर 1 वॅटला साडेअठ्ठ्याहत्तर डेसिबल पोचतात. पिक्चरमधलं बोलणं 70 डेसिबलने ऐकायचं तर लागतो एका वॅटचा सातवा हिस्सा! पण त्याच पिक्चरमध्ये दरड कोसळते किंवा तोफ सुटते आणि तो आवाज 95 डेसिबलला जातो, तेव्हा लागतात 45 वॅट. बोलणं आणि तोफ यांच्यात 25 डेसिबलचं अंतर आहे आणि पॉवरमध्ये ते तीनशे पटींहून जास्त. सिनेमाचा आवाज गाण्याच्या कॅसेटसारखा एकसारखा नसतो, तो दशावतारासारखा असतो. आख्यानात सगळं शांत, आणि राक्षस रंगमंचावर आला की झांज आणि पखवाज एकदम तुटून पडतात. ही वरची जागा मोकळी ठेवावीच लागते.

ती नसली की आवाज फाटतो. 8 ओहमवर 100 वॅट देताना मीटरवर 28.3 व्होल्ट दिसले तरी लाटेचं टोक 40 व्होल्टपर्यंत जातं. ॲम्प्लिफायरच्या आतला वीजपुरवठा तेवढाच असेल आणि मागून येणारा आवाज 60 व्होल्टची लाट मागत असेल, तर लाटेचा वरचा आणि खालचा शेंडा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. गोल डोंगर कापून जांभ्याचा सडा करावा, तसं. या कापलेल्या कोपऱ्यांमधून मूळ आवाजात नसलेले उंच पट्टीचे सूर तयार होतात आणि ते सरळ ट्वीटरकडे, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरकडे, जातात. ट्वीटरची तार केसासारखी बारीक असते, ती तापते आणि जळते. लाट पार चौकोनी झाली तर तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा दुप्पट पॉवर स्पीकरमध्ये ओतली जाते. लग्नाच्या मांडवात शेवटी शेवटी कर्ण्याचा आवाज कानाला टोचायला लागतो, तो हाच.

गेन पार खाली ठेवला तर? तेही बरोबर नाही. पॉवर ॲम्प्लिफायरला चाप जास्त लावला की तेवढा आवाज मिळवायला रिसीव्हरचा व्हॉल्यूम वर न्यावा लागतो. मग रिसीव्हरच्या मागच्या प्री-आउटमधून, म्हणजे ॲम्प्लिफायरकडे आवाज पाठवणाऱ्या भोकातून, तीन-चार व्होल्ट मागितले जातात, आणि बऱ्याच रिसीव्हरचा प्री-आउट त्याआधीच फाटतो. ॲम्प्लिफायरचा लाल क्लिप दिवा लागत नाही, म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि फाटणं मागच्याच पुलाखाली झालेलं असतं. हे ओळखणं जास्त अवघड, म्हणून मला ही चूक जास्त धोक्याची वाटते.

आता प्रत्यक्ष लावायचा कसा. वेळ रात्रीची निवडा, पावसाळा नको. पंखा बंद, शक्य असेल तर फ्रिजही दहा मिनिटं बंद. पावसात पत्र्यावर सरी कोसळत असताना फुसफुस ऐकूच येत नाही आणि माणूस गेन वाढवून बसतो. मग ऑक्टोबरात घर शांत झालं की तीच फुसफुस डोक्यात जाते. पाऊस मोठा असेल तेव्हा व्हॉल्यूम वाढवा, गेनला हात नको.

आधी रिसीव्हर चालू करा, सगळ्यात शेवटी पॉवर ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट, ॲम्प्लिफायर आधी. नाहीतर स्पीकरमध्ये 'धप्प' होतं आणि ते त्याला चांगलं नाही. रिसीव्हरच्या मेनूत प्रत्येक स्पीकरची पातळी असते, सहसा उणे 12 ते अधिक 12 डेसिबलपर्यंत. ती सगळ्यांची 0 वर आणा. गेन नॉब पूर्ण डावीकडे. मग मेनूतला टेस्ट टोन लावा, नदीच्या पाण्यासारखा सलग खळखळाट येतो. बहुतेक रिसीव्हर हा टोन अशा बेताने सोडतात की नीट जुळलेल्या खोलीत बसायच्या जागी तो 75 डेसिबल यावा. बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर आवाज मोजायचा मीटर धरा आणि गेन हळूहळू उजवीकडे न्या. 75 दिसले की थांबा. मीटरवरची मोजायची पद्धत 'सी' आणि 'स्लो' वर ठेवायची.

मोबाइलमधलं ॲप चालेल का, हे मला प्रत्येक जण विचारतो. खरा आकडा ते दोन-पाच डेसिबल चुकू शकतं, पण डावा स्पीकर आणि उजवा स्पीकर सारखे आहेत का, हे ते नक्की सांगतं. मोबाइल हलवू नका आणि माइकवर बोट नको, एवढं सांभाळा.

आता टोन बंद करा. व्हॉल्यूम रोजच्या जागी ठेवा, काहीही न लावता खुर्चीवर बसा आणि ऐका. ट्वीटरला कान लावल्यावर थोडी फुसफुस येणारच, तिची काळजी नको. खुर्चीपर्यंत ती पोचू नये, हा निकष. पोचत असेल तर गेन नॉब पूर्ण डावीकडे करून बघा. फुसफुस गेली तर ती मागून, रिसीव्हरकडून येत होती. तेव्हा गेन 3 ते 6 डेसिबल उतरवा आणि तेवढीच पातळी रिसीव्हरच्या मेनूत वाढवा. नॉब पूर्ण डावीकडे असूनही ती तशीच राहिली तर ती ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या पोटातली आहे आणि गेनने जाणार नाही.

आबांच्या घरी नॉब उणे 14 च्या आसपास येऊन थांबला. रिसीव्हरचा व्हॉल्यूम तेवढ्याने वर घेतला, बोलणं पहिल्याइतकंच मोठं, आणि मागची फुसफुस गेली. आबा बघत होते. "अरे, बटाण तू कमी केलंस, मगे आवाज तसोच कसो?" मी पाटाची फळी दाखवावी तसा हाताने दाखवलं. आबांना बागेचं कळतं, त्यामुळे जास्त बोलावं लागलं नाही.

मल्टिमीटर जवळ असेल तर आणखी एक खात्री करता येते. स्पीकरच्या तारा काढून ठेवा, ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टोकांवर मीटर एसी व्होल्टवर लावा. तुम्ही कधीही लावाल तो सगळ्यात मोठा व्हॉल्यूम ठेवा आणि पूर्ण पातळीचा 200 हर्ट्झचा टेस्ट सूर वाजवा. स्वस्त मल्टिमीटर साधारण 400 हर्ट्झपर्यंतच खरे आकडे दाखवतात, म्हणून 1000 हर्ट्झचा सूर घेऊ नका. स्पीकर 8 ओहमचा आणि 60 वॅटचा असेल तर 60 गुणिले 8 म्हणजे 480, त्याचं वर्गमूळ सुमारे 22. मीटर 22 व्होल्टच्या वर जात असेल तर एखाद दिवशी पोरं नॉब पूर्ण फिरवतील आणि स्पीकर जाईल. टोकांना हात लावू नका, मोठ्या ॲम्प्लिफायरवर तिथला दाब झटका देण्याइतका असतो. आणि स्पीकर जोडलेले असताना हा सूर कधीही वाजवू नका.

बहुतेक घरांत वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर नसतो, सगळं रिसीव्हरच्या पोटातच असतं आणि गेनचा नॉब दिसतच नाही. त्यांना गेन लावायचा नाही का? लावायचा, पण तो असतो सुरुवातीला. सेट-टॉप बॉक्स साध्या लाल-पांढऱ्या पिनांनी जोडला असेल तर त्याचा स्वतःचा व्हॉल्यूम असतो. तो कुणीतरी अगदी खाली ठेवलेला असतो आणि मग रिसीव्हर ओरडेपर्यंत वाढवला जातो. बॉक्सचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण करा, फाटल्यासारखं वाटलं तर दोन-तीन घरं खाली. मोबाइलवरून ब्लूटूथने गाणी लावता तेव्हाही तसंच, आधी मोबाइल वर न्या. एवढ्यावर अर्ध्या घरांची तक्रार मिटते.

सबवूफरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण गेन नॉब असलेलं एकच यंत्र बहुतेकांच्या घरात असतं आणि ते हेच. सिनेमात खर्जासाठी वेगळा पट्टा असतो आणि तो बाकीच्यांपेक्षा 10 डेसिबल वर वाजवला जातो. बाकीच्या स्पीकरचं शिखर 105 डेसिबलचं धरलं तर सबवूफरचं 115. त्यामुळे पहिला दम त्याचाच सुटतो. त्याचा नॉब आधी मध्यावर ठेवा, त्याच्यावरचा फिल्टरचा नॉब पूर्ण वर किंवा एलएफई (सिनेमातला खर्जाचा पट्टा) वर, कारण ते गाळायचं काम रिसीव्हर 80 हर्ट्झच्या आसपास करतोच आहे. मग रिसीव्हरचं माइक लावून करायचं आपोआप जुळवणं चालवा आणि मेनूत सबवूफरची पातळी बघा. उणे 12 दिसले तर रिसीव्हरने हात टेकले आहेत, त्याला आणखी खाली जायचं असेल पण जागाच नाही. सबवूफरचा गेन कमी करून पुन्हा जुळवा. उणे 3 ते उणे 6 च्या आसपास आलं की चांगलं. गेन असाच फार वाढवून मेनूत फार खाली ठेवलं तर आणखी एक त्रास होतो. स्वतःहून चालू होणारे सबवूफर बारीक संवादात झोपून जातात, कारण तारेतून येणारा दाब त्यांना जागं करायला पुरत नाही.

आपल्याकडच्या घरांत दोन गोष्टी गेनच्या नावावर खपतात, त्या वेगळ्या ओळखायला हव्यात. पहिली, 'घूंऽऽ' अशी जाड गुणगुण. ती फुसफुस नव्हे, ती 50 किंवा 100 हर्ट्झची विजेची गुणगुण. केबलच्या तारेतून आणि विजेच्या बोर्डातून अर्थिंगच्या दोन वाटा झाल्या की ती येते. केबलची तार काढून बघा, गुणगुण गेली तर चोर सापडला. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या. जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही, एप्रिल-मे मध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो, तेव्हा त्यात पाणी घाला. पण गुणगुण घालवायला तीन पिनांतली वरची जाडी पिन कापू नका. काही इलेक्ट्रिशियन हा सल्ला देतात. गुणगुण जाते, पण त्या दिवसापासून यंत्राच्या लोखंडी पेटीला हात लावणाऱ्या माणसाचा जीव टांगणीला असतो.

दुसरी, खरखर. गेन नॉब फिरवताना 'खर्र खर्र' होत असेल किंवा एक स्पीकर मधेच जात असेल तर तो खारा दमट वारा आहे. पिना हिरवट पडतात, नॉबच्या आतली पट्टी खराब होते. पिना काढून कोरड्या फडक्याने पुसा, ॲम्प्लिफायर बंद करून नॉबमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर असेल तर हे दर पावसाळ्यानंतर करावं लागतं. आणि ते झालं की गेन पुन्हा मोजून लावावा लागतो, कारण फिरवताना जागा सुटलेली असते.

म्हणून आबांच्या नॉबवर मी सुनेकडून नेलपॉलिश मागून एक लाल ठिपका दिला आणि समोर पेटीवर दुसरा. चतुर्थीला मुंबईची सगळी पोरं आली, पाच दिवस घरात आरत्या आणि रात्री पिक्चर चालले. सहाव्या दिवशी मी बघायला गेलो तेव्हा ठिपके चार बोटं लांब गेले होते. दोन सेकंदांत जागेवर आणले.